ऑइलचा काटा

काटा पुन्हा पडला. नखाएवढा, नारिंगी टोकाचा काटा — पंचवटीतल्या मालेगाव स्टँडच्या उतारापर्यंत मधोमध शहाण्यासारखा उभा होता, पुढची चाकं गतिरोधकावरून उतरली मात्र, नि तो शून्यावर जाऊन आडवा झाला. लतानं पाय ब्रेकवर न्यावा की गाडी तशीच रेटावी या विचारात श्वास धरून ठेवला, मागे पाण्याचे जार एकमेकांवर आदळले, एका रिक्षावाल्यानं हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही... आणि काटा आपला आपण उठला. पुन्हा मधोमध. काही झालंच नाही असा.

"खोटारडा मेला," ती म्हणाली.

कुणाला म्हणाली ते तिचं तिला ठाऊक होतं. काट्याला ऐकू येत नाही, आणि मनमाडपलीकडच्या गावात बसलेल्या भावालाही नाही, म्हणून तर गेले दोन महिने ती केबिनच्या काचा वर करून एकटीच बोलत होती. शेखर, ही तुझी गाडी. शेखर, हा तुझा काटा. तू म्हणाला होतास ना, ताई, डोळे मिटून चालव? मग ये, बस शेजारी, आणि मिट डोळे!

आठ महिन्यांपूर्वी शेखरनं ही पिकअप तिला दिली. स्वतःला नवी घेतली आणि जुनी बहिणीला. लता आणि रवी, म्हणजे तिचा नवरा, घराखालच्या गाळ्यात पाण्याचा प्लांट चालवतात. शुद्ध केलेलं पाणी जारमध्ये भरून ऑफिसं, दुकानं, पंचवटीतल्या धर्मशाळा यांना पोचवायचं. रवी प्लांट बघतो, जार पोचवते ती. गाडी मिळाली तेव्हा सगळी वस्ती म्हणाली, भाऊ असावा तर असा. आणि आता ऑइलच्या प्रेशरचा काटा असा वेड्यासारखा नाचतोय. तो खरं बोलत असेल तर इंजिनात ऑइल फिरत नाहीये, इंजिन आतल्या आत कोरडं घासतंय आणि एक दिवस भर रस्त्यात कायमचं बसणार आहे. खोटं बोलत असेल तर काहीच नाही. पण तो खोटं बोलत नाही, हे परवाच एका गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं. बॉनेट न उघडता, तोंडातली सुपारी इकडून तिकडे करत सांगितलं, "इंजिन संपलंय, ताई. उतरवावं लागेल. कुणी गळ्यात मारली?"

गळ्यात मारली! हा शब्द तिनं घरी येऊन रवीला तीनदा ऐकवला. त्या रात्री, आठ महिन्यांत पहिल्यांदाच, तिला शांत झोप लागली.

धर्मशाळेच्या गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी स्कूटर आडवी लावली होती. लतानं गाडी तिथंच थांबवली आणि एकेक जार खांद्यावर घेऊन आत नेला. बारा जार, चौदा पायऱ्या. शेचाळीसच्या वयाला हे काम करू नये असं रवी म्हणतो, आणि करतो मात्र काहीच नाही. आज जार हलके लागत होते. राग असला की जार हलके लागतात, हा तिचा अनुभव होता. जिथं अलगद टेकवायचा तिथं ती तो आपटत होती आणि धर्मशाळेचा म्हातारा व्यवस्थापक चष्म्यावरून बघत होता.

"सावकाश, बाई. फरशी फुटेल."

फुटू दे.

रविवारी गावी अण्णांचं, तिच्या वडिलांचं, दुसरं पुण्यानुमोदन; त्यांना जाऊन दोन वर्षं होतायत. भंतेजी येतील, वंदना होईल, भाऊबंद जमतील, काका, मावशा, शेखरच्या सासरचे, आणि जेवणं झाली की सगळे अंगणातल्या मांडवात पाय पसरून बसतील. तेव्हा बोलायचं. तिनं सगळं ठरवून ठेवलं होतं, शब्द न् शब्द. आवाज चढवायचा नाही. फक्त विचारायचं — शेखर, माझ्याकडून जमिनीच्या हक्कसोडावर सही घेतलीस, त्या बदल्यात दिलेली गाडी मेलेली निघाली. आता बोल. चार माणसांसमोर बोल. मेलेल्या इंजिनाला उत्तर नसतं. भाऊबंदांतला कुठलाही माणूस, जमिनीचं नाव काढल्यावर जो बाईकडे बघायचंही टाळतो, तोसुद्धा गाडीच्या बाबतीत मान हलवील : हे मात्र चुकलं बरं का, शेखर. बहिणीला अशी गाडी देतात का?

हक्कसोड... दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात पंखा होता पण फिरत नव्हता. अण्णांची दीड एकर, रस्त्याला लागून. रेल्वेच्या नोकरीतून पै पै बाजूला काढून अण्णांनी घेतलेली. आदल्या दिवशी शेखरचा फोन, ताई, उद्या जरा येऊन जा, एक सही आहे. एक सही. जसं दुधाची पिशवी घेऊन ये म्हणावं. कागद तिनं वाचला नाही असं नाही. वाचला, उभ्याउभ्या, आणि वाचून होईतो शेखरची बायको सुलभा हिच्या हातात साडीचं पाकीट आणि शेखरच्या हातात गाडीची किल्ली तयार होती, मागे रांगेत माणसं खोळंबली होती, आणि टेबलामागचा मुलगा म्हणत होता, ताई, इकडे कॅमेऱ्यात बघा, हलू नका. तिनं बघितलं. आणि ती हसली! फोटो काढताना हसायचं, ही लहानपणापासूनची सवय. त्या कागदावर आज तिचा फोटो आहे, अंगठा आहे, सही आहे, आणि फोटोत ती हसतेय. उद्या कोर्टात जरी गेले मी, तरी समोरचा वकील तो कागद वर धरील आणि म्हणेल, बघा, बाई किती खुशीत होत्या.

आणि हाच शेखर दर चौदा एप्रिलला गावच्या समाजमंदिरापुढे माईक हातात धरतो. हिंदू कोड बिलावर त्याच्यासारखं बोलणारा पंचक्रोशीत नाही. बहिणीला भावाच्या बरोबरीनं वाटा, म्हणताना टेबलावर मूठ आपटतो, बाबासाहेबांनी त्यासाठी मंत्रिपदावर लाथ मारली म्हणतो, आणि बायका टाळ्या वाजवतात. तिनंही वाजवल्यात. पहिल्या रांगेत बसून, डोळ्यांत पाणी आणून वाजवल्यात. त्या मुठीचाच तिला सगळ्यात जास्त राग येत होता. न बोलणाऱ्या भावानं घेतलं असतं तर तिनं सोसलं असतं. चार घरांत हेच चालतं. वाटा मागणाऱ्या बहिणीला माहेर राहत नाही, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसलं तरी पाठ सगळ्यांना आहे. पण तू? तू, ज्याला ते कलम सुद्धा पाठ आहे?

आणि तिनं तरी विचारलं का? नाही विचारलं. अण्णा होते तोवर विषय निघाला नाही, गेल्यावर काढला नाही. विषय न काढणं हीच त्या घराची रीत. आपलेच दात, आपलेच ओठ... रवी हेच म्हणतो, आणि तो असं म्हणाला की तिला त्याचेही दात दिसतात.

पेठ रोडला लागल्यावर काटा आणखी दोनदा पडला. दुसऱ्यांदा तर चांगला मिनिटभर पडून राहिला. लतानं त्याच्याकडे बघितलं आणि वेग कमी केला नाही.

गोटीराम मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे नाक्याच्या पुढे पत्र्याची एक शेड. पेठच्या डोंगरातला माणूस, साठी उलटलेला, बोलायचं म्हणजे त्याच्या जिवावर येतं. त्याच्याकडे ती आली ती दुरुस्तीला नव्हे. तिला साक्षीदार हवा होता. एका गॅरेजवाल्यानं सांगितलेलं भाऊबंद उडवून लावतील. दोघांनी सांगितलं की झालं.

"इंजिन गेलंय हिचं," ती खाली उतरता उतरता म्हणाली. "काढावं लागेल. तुम्ही फक्त बघून सांगा."

गोटीरामनं तिच्याकडे बघितलं नाही. बॉनेट उघडलं, ऑइल मोजायची पट्टी ओढली, कापडानं पुसली, पुन्हा घालून काढली, दोन बोटांत ऑइल चोळून वास घेतला.

"कोन म्हनलं, इंजिन गेलं?"

"एक गॅरेजवाला म्हणाला."

"त्यानं काय लावून बघितलं?"

"काही नाही लावलं. काटा सांगतोय ना!"

"काटा," गोटीराम म्हणाला, आणि त्या शब्दावर थांबला. "चालू करा."

तिनं किल्ली फिरवली. तो इंजिनावर कान वाकवून उभा राहिला, बराच वेळ, डोळे अर्धे मिटून. लता त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. आता कपाळाला आठी पडेल. आता मान हलवील. त्यानं बंद करा अशी खूण केली, इंजिनाच्या कुशीत हात घातला आणि अंगठ्याएवढ्या एका पितळी डब्यावरची वायर उपसली. हा सेन्सर, तो म्हणाला. हा इंजिनाला विचारतो आणि काट्याला सांगतो. वायरचं टोक त्यानं इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं. "किल्ली नुसती फिरवा, चालू नका करू. काटा बघा." काटा सरळ शेवटाला जाऊन भिडला आणि तिथंच राहिला. वायर सोडली, खाली आला. टेकवली, वर गेला. डळमळ नाही, थरथर नाही.

"म्हंजे काटा चांगला, वायर चांगली," गोटीराम म्हणाला. "आता राहिलं दोन. येक तं हा सेन्सर, नायतं इंजिन."

इंजिन, ती मनात म्हणाली.

त्यानं पान्यानं तो डबा सोडवून जवळच्या पत्र्यावर ठेवला आणि त्याच्या जागी एक नळी बसवली, नळीच्या टोकाला घड्याळासारखी गोल तबकडी. याला वायर लागत नाही, ऑइल स्वतःच येऊन याचा काटा ढकलतं, याला खोटं बोलता येत नाही, एवढं त्यानं सांगितलं. मग गाडी चालू ठेवून दोघं उभी राहिली. इंजिन गरम होऊ द्यायचं होतं. थंड असताना ऑइल घट्ट असतं, तेव्हा मेलेलं इंजिनही बरं दिसतं. दहा मिनिटं. पंधरा. रस्त्यावरून एक एस.टी. गेली, टपावर कुणाची तरी पोती. तबकडीतला काटा वर होता. इंजिन तापत गेलं तसा हळूहळू खाली यायला लागला, थोडा, आणखी थोडा, आणि लता आनंदानं तबकडीवर वाकली.

पड.

पड ना. आणखी पड. शून्यावर ये...

काटा थांबला. जिथं थांबायला हवा तिथंच थांबला. गोटीरामनं रेस दिली, तो चढला. सोडली, परत त्याच खुणेवर आला. पुन्हा रेस. पुन्हा तीच खूण. आणि ती बघत राहिली, मुठी आवळून, आणि मग तिला ऐकू आलं की आपण काय मागतोय. ज्या गाडीवर आपलं घर चालतं, तिचं इंजिन मरावं म्हणून आपण भर दुपारी पेठ रोडवर उभं राहून नवस करतोय! गाडी बंद पडली तर धर्मशाळा दुसऱ्याचं पाणी घेतील, ऑफिसं तर उद्याच घेतील. सगळं ठाऊक होतं. तरीही, पड. परवाच्या त्या शांत झोपेचं कारण तिला आत्ता कळलं, आणि कळलं म्हणून आणखीच संताप आला.

"इंजिन चांगलं हे," गोटीराम म्हणाला. "लय चांगलं हे. कोनी नीट वापरलेलं दिसतं."

"पुन्हा बघा."

"बघितलं ना आत्ता तुमच्या म्होरं."

"तरी पुन्हा एकदा बघा!"

आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. गोटीरामनं पुन्हा रेस दिली. काट्यानं पुन्हा तेच सांगितलं.

मग त्यानं पत्र्यावरचा तो पितळी डबा उचलला, उजेडात धरला, आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच हसला. डब्याच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळलेली होती, नळाच्या सांध्याला प्लंबर गुंडाळतात ती.

"हे बघा. दुखनं म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला! याचे आटे इंजिनाच्या लोखंडाला लागाया पायजेत, तवा याला अर्थिंग मिळतं. मधी ही टेप. लागलं तं लागलं, धक्का बसला का सुटलं. मंग काटा नाचंल नाय तं काय? ही टेप कोनी लावली?"

"माझ्या भावानं," लता म्हणाली.

शब्द आपोआप आले. विचार करायला जागाच नव्हती. गेले दोन महिने प्रत्येक प्रश्नाचं हेच एक उत्तर होतं. गोटीरामनं टेपचं टोक नखानं उचकटलं.

"भावानं कवा?"

"गाडी द्यायच्या आधी. आठ महिने झाले."

"आठ म्हयने?" त्यानं टेप उलगडून तिच्यासमोर धरली. वरून काळी झालेली, आतून अजून पांढरी. "काटा कवापासून नाचतो?"

दोन महिने. आणि दोन महिन्यांपूर्वीच ...प्लांटच्या दारात, फरशीवर, ऑइलचे थेंब. गिऱ्हाईक तिथूनच आत येतं, आणि शुद्ध पाण्याच्या दुकानात दारातच तेलाचे डाग. रवी म्हणाला होता, मिस्त्रीकडे ने. तिनं म्हटलं होतं, एवढ्यासाठी मिस्त्री कशाला? गाडीखाली सरपटत गेली, ओला डबा हाताला लागला, पान्यानं सोडवला, आणि काउंटरवरून टेपचं रीळ घेतलं. अकरा वर्षं ती नळ, फिल्टर, पाइप यांना हीच टेप लावत आली होती. गळतंय तिथं टेप, सातआठ वेढे, घड्याळाच्या दिशेनं, ताणून. मन लावून गुंडाळली होती. थेंब थांबला होता. रवीला बोलावून दाखवलंही होतं — बघ, जमलं की नाही!

गोटीराम तिच्या तोंडाकडे बघत नव्हता, हे त्याचे उपकार. तो टोचणीनं आटे साफ करत होता.

"गळत आसंल म्हनून लावली आसंल," तो डब्याशीच बोलल्यासारखा म्हणाला. "वॉशर झिजलं व्हतं तेवढं. पान्याच्या नळाला टेप बराबर हे. याला नाय चालत."

तांब्याचं नवं वॉशर घातलं, डबा घट्ट बसवला, वायर जोडली. पाच मिनिटांचं काम. तिनं गाडी सुरू केली आणि शेडपुढच्या खड्ड्यातून मुद्दाम दोनदा काढली. काटा हलला नाही. समोर स्वच्छ दिसत होतं, इंजिन ठणठणीत, भावानं नीट वापरलेलं, नीट दिलेलं. आणि तिला स्टिअरिंगवर डोकं आपटावंसं वाटत होतं. रविवारच्या भाषणातलं एकेक वाक्य तिनं आठवून बघितलं. मेलेली निघाली, नाही. गळ्यात मारली, नाही. चार माणसांत बोट ठेवून दाखवावं असं त्या गाडीत काही उरलं नव्हतं. उलट शेखरच दाखवील, चावी फिरवून, सगळ्यांना बोलावून : ऐका आवाज. बहिणीला दिलीय. सोनं दिलंय! आणि भाऊबंद माना हलवतील. तिचा हसरा फोटो तर आहेच.

पण राग गेला का? तिनं गाडी शेडच्या सावलीला उभी केली आणि थांबली. जायला हवा होता. कारण गेलं की राग जातो म्हणतात. दोन महिने ती ज्याच्यावर दात खात होती ते कारण तर आत्ता गोटीरामनं चिंधीबरोबर कोपऱ्यात टाकलं होतं, आणि राग होता तिथंच होता, छातीच्या मधोमध. म्हणजे तो गाडीचा नव्हताच. उद्या शेखरनं मला कोरी गाडी दिली असती, तरी मी तिच्यात काहीतरी खोट काढली असती. दार लागत नाही म्हटलं असतं. रंग आवडला नाही म्हटलं असतं. कारण जे म्हणायचंय ते म्हणायला आमच्या घरात तोंडच नाही कुणाला, मलासुद्धा नाही. मला जमीन हवी होती. दीड एकरातला माझा तुकडा, अण्णांच्या हातचा. गरज म्हणून नाही. माझा म्हणून. आणि तू मला विचारायला हवं होतंस.

एवढंच तर वाक्य होतं. तिनं ते कधीच, अगदी काचा वर करून एकटीनंसुद्धा, म्हटलं नव्हतं.

फोन वाजला. शेखर. त्याच्या मागे मांडववाल्यांची ठोकाठोक ऐकू येत होती.

"ताई, रविवारी वीस जार घेऊन येशील ना? इथलं पाणी चांगलं नाही. आणि सकाळी लवकर ये, भंतेजी नऊला येणारेत."

वीस जार! लेकीनं बापाच्या पुण्यानुमोदनाला यायचं ते पाणी पोचवायला. एरवी ती उसळून उठली असती, आणि गाडीचं ऐकवलं असतं.

"आणीन," ती म्हणाली.

"आणि गाडीचं काय झालं? दाजी सांगत होते, इंजिन गेलं म्हणून. मी म्हटलं, शक्यच नाही."

"इंजिन चांगलं आहे. एक टेप होती. मीच लावली होती, चुकून. काढली."

"बघ!" त्याच्या आवाजात खरंखुरं समाधान होतं, लहानपणी गणित बरोबर आलं की असायचं तसं. "मी काय तुला खराब गाडी देईन होय, ताई?"

"नाही," ती म्हणाली. "नाही देणार तू."

खरं होतं ते. त्यानं खराब गाडी दिली नसती. तिला जी काय द्यायची ती त्यानं चांगलीच दिली असती, निवडून, पुसून, प्रेमानं, आणि बाकीचं सगळं तिला न विचारता ठेवून घेतलं असतं, तेही प्रेमानंच. हे दोन्ही एकाच माणसात मावतात, हे कळायला तिला शेचाळीस वर्षं लागली. आता तिच्या हातात त्याची एकही चूक नव्हती, साक्षीदार नव्हता, आणि जो कागद होता तो तिच्याच विरुद्ध होता. रविवारी मांडवात ती बोलली तर म्हातारी माणसं म्हणतील, हिला झालंय तरी काय. आणि त्यानंतर कदाचित त्या अंगणात तिचं ताट वाढलं जाणार नाही. तिला भीती वाटली. बऱ्याच दिवसांनी तिला रागाबरोबर भीती वाटली, आणि त्यावरून तिला उमगलं की आपण खरंच बोलणार आहोत.

"शेखर, रविवारी जेवणं झाली की मला बोलायचंय. सगळ्यांसमोर."

"अगं, कशाबद्दल?" तो हसतच होता. "गाडी तर चांगली निघाली ना?"

पलीकडे हातोड्याचे ठोके थांबले. लतानं इंजिन बंद केलं. राग पहिल्याइतकाच होता. फक्त आता रागावण्यासाठी कुणी तिला फसवलेलं असण्याची गरज उरली नव्हती.

"चांगली निघाली," ती म्हणाली. "गाडीचं बोलत नाहीये मी."

फोन तिनंही ठेवला नाही, त्यानंही नाही.